तिसऱ्या डब्यातला गूळ

माझ्या जिभेनं मला आयुष्यभर पोसलं. बाकीच्या शरीरानं फक्त तिला एका वखारीतून दुसऱ्या वखारीत नेण्याचं काम केलं. कोल्हापूरच्या गूळ बाजारात मी परीक्षक होतो. ढेप फोडायची, खडा तोंडात टाकायचा आणि गूळ कोणत्या प्रतीचा ते सांगायचं. संपादकांनी ‘बाजारातल्या गमतीजमती लिहा’ असं कळवलं आहे. गमती आहेत, सांगतो. पण त्यांच्या आडून मला एका माणसाबद्दल बोलायचं आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर वाचकाला फसवल्यासारखं होईल, आणि फसवणूक पकडणं हाच माझा धंदा होता.

ज्यांनी गूळ फक्त स्वयंपाकघरातल्या डब्यात पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. उसाचा रस काहिलीत आटवून गुळव्या तो साच्यात भरतो, निवाला की ढेप होते. चांगली ढेप बोटानं वाजवली की टणटणते. फोडली की आत रवा दिसतो. चुरा तळहातावर घासला तर चिकटत नाही. पाण्यात विरघळवून पेला थोडा वेळ ठेवला तर तळाशी काही बसत नाही. बसलं तर रस निवळायला घातलेला चुना जास्त झाला. हे सगळं चार-सहा महिन्यांत कुणालाही शिकता येतं. शिकता येत नाही ते हायड्रोस ओळखणं.

हायड्रोस ही गंधकयुक्त पांढरी पूड. उकळत्या रसात टाकली की हलक्या उसाचा गूळसुद्धा पिवळाधमक निघतो. सौद्याच्या दिवशी ढेप नवरीसारखी दिसते. पण हा रंग टिकत नाही. काही आठवड्यांनी तो उतरतो, ढेप आतून हिरवट काळी पडते, रवा मोडतो, हाताला ओल लागते, आणि नाकाशी धरली तर नुकत्या विझलेल्या काडीचा वास येतो. चांगला गूळही जुना झाला की काळवंडतो, पण तो म्हाताऱ्या माणसासारखा, सावकाश आणि बाहेरून आत. हायड्रोसचा गूळ आतून जातो.

अशा धंद्यात राहून माणूस संशयी होतो. मी मुळातच तसा होतो, बाजारानं धार लावली. लग्नाच्या पंगतीत पुरणपोळी वाढली की यजमान माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. आमची मंडळी म्हणायची, “ह्यांच्या चहात गूळ घालताना परीक्षेला बसल्यागत वाटतं.” वखारीतले हमाल तर उघडच म्हणायचे, “नानाला देवाचा परसाद दिला तरी आधी वास घेत्यात.” मला ते कौतुक वाटायचं. आता वाटत नाही.

बाजारात तंटे रोजचे. ‘दाखवला एक माल आणि दिला एक’ हे भांडण तर दर सौद्याला. कोर्टात गेलं तर तारीख लागेपर्यंत ढेपेचा काकवीसारखा पाक व्हायचा. म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक पंच नेमायचा आणि त्या दोघांचं जुळलं नाही तर वरचा एक. त्यालाच बाजारात अंपायर म्हणत. क्रिकेटमधला अंपायर निदान उन्हात तरी उभा असतो. आमचा वखारीत तक्क्याला टेकून बसलेला असायचा. त्यानं दिलेला निवाडा शेवटचा. आणि रीत अशी, की तो निवाडा दुसऱ्या दिवशी सौदा सुरू व्हायच्या आधी कट्ट्यावर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा.

हे काम मला शिकवलं रावजीकाकांनी. बाजारातले सर्वांत जुने पंच. त्यांच्याजवळ बसून मी पाहिलेला पहिला तंटा नेसरीच्या एका शेतकऱ्याचा आणि एका व्यापाऱ्याचा. व्यापारी म्हणत होता की माल हलका दिला. काकांनी ढेपा फोडून पाहिल्या आणि शेतकऱ्याच्या बाजूनं निवाडा दिला. दुसऱ्या दिवशी व्यापारी एक ढेप हातगाडीवर घालून धावत आला.

“काका, आता फोडली बघा! पोटात दगड हाय! पाट्याएवढा!”

काकांनी मान वर केली नाही. “काल कुठं गेलता दगड?”

“काल ही ढेप फोडली न्हवती की.”

“मग काल फोडायची.”

“अवो पण डोळ्यानं बघा तर खरं!”

“पावणं, निवाड्यावर सही झाली की पंच मेला. मेलेल्या माणसाला काय दाखवतासा? जावा.”

व्यापारी शिव्या घालत गेला. मी मात्र गाडीपर्यंत जाऊन ढेप पाहून आलो. दगडाभोवती गुळाचे दोन थर होते आणि त्यांच्यामध्ये जोड स्पष्ट दिसत होता. रात्रीत गूळ गरम करून दगड आत बसवला होता. मी परत येऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, “हरलेल्याला पुरावा सापडतोच रे. न सापडला तर तो तयार करतो. एकदा दार उघडलंस की बाजार तुला झोपू देणार नाही.”

पुढे मी स्वतः पंच झालो तेव्हा हा नियम मी देव्हाऱ्यात बसवल्यासारखा पाळला. निवाड्यानंतर कुणी साक्षीदार आणला की मी पाठ फिरवून बसायचो. नवा पुरावा म्हणजे नवं खोटं, असं माझं गणित होतं. आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबर यायचं, हे कबूल करायला हवं. दहाव्या वेळेची गोष्ट पुढे सांगतो.

त्या काळी आपल्याकडचा थोडा गूळ आफ्रिकेत जायचा. तिकडं वसलेल्या आपल्या लोकांना साखर गोड लागायची नाही म्हणे. वसंतराव नावाचे एक अडते होते. माझ्याच वयाचे, गल्लीतले, एकमेकांना अरेतुरे करणारे. त्यांनी धाडस करून मोंबासाच्या जमनादासभाईंशी थेट सौदा केला. मधला मुंबईचा व्यापारी टाळला. बाजारातल्या निम्म्या लोकांना तेव्हाच पोटदुखी झाली. वसंतरावची खूण सूर्याची होती. प्रत्येक ढेपेच्या पेटीवर लाल रंगात सूर्य छापलेला. तो म्हणायचा, “नाना, आफ्रिकेत माझा सूर्य उगवणार बघ.”

करारात अट होती की मालात हायड्रोस नसावा, आणि तंटा झाला तर कोल्हापुरात तीन जणांनी बसून तो सोडवावा. तो निवाडा इथल्या आणि मोंबासाच्या दोन्ही कोर्टांत बंधनकारक. दोन पंच दोघांचे. अंपायर कोण, यावर जमनादासभाईंनी मुंबईतल्या ओळखीच्यांकरवी चौकशी केली की तुमच्या गावात सर्वांत संशयी माणूस कोण. माझं नाव निघालं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

माल रवाना होताना नमुने काढायची पद्धत मीच घालून दिली होती. प्रत्येक प्रतीचे तुकडे घेऊन तीन पत्र्याचे डबे भरायचे, झाकण दोरीनं बांधायचं, गाठीवर लाख ओतायची आणि तिऱ्हाईत वखारीचं पितळी सील उठवायचं. एक डबा विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा, तिसरा वखारीच्या माळ्यावर. पहिले दोन डबे ज्याचे त्याच्या ताब्यात, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता. तिसऱ्यावर होता.

माल फाल्गुनात गेला. तक्रार आली ती दिवाळीनंतर. गूळ काळा पडला, पेट्यांतून पाक गळतोय, माल हायड्रोसचा आहे. मला दोन्हीकडचा संशय आला. एक तर मधल्या काळात तिकडं साखर स्वस्त झाल्याचं कानावर आलं होतं, आणि भाव पडला की घेणाऱ्याला मालात दोष दिसू लागतात. दुसरीकडं वसंतराव सांगत होता की माल मोंबासाच्या गोदीत पावसात पडून होता, म्हणून पाझरला. विकणाऱ्याला नेहमी पाऊसच सापडतो. त्याची साक्ष घ्यावी लागत नाही.

उन्हाळ्यात सुनावणी झाली. जमनादासभाई स्वतः आले. पांढरा कोट, डोक्यावर काळी टोपी, बोलणं मऊ. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “नानासाहेब, मला न्याय नको, मला फक्त निकाल पाहिजे. जहाजं माझी वाट पाहत नाहीत.” असं बोलणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? पण खरं बोलत होते. आम्ही तिघं पंखा नसलेल्या खोलीत बसलो. दोन्ही पंच आपापल्या माणसाच्या बाजूनं बोलले आणि कुणी कुणाचं ऐकलं नाही. प्रकरण माझ्याकडं आलं.

जमनादासभाईंनी आणलेला डबा मी उघडला, गूळ काळा. वसंतरावचा डबा उघडला. गूळ बरा, मऊसर, जुन्या गुळासारखा. दोन्ही डबे मी बाजूला सारले. मग तिसरा मागवला. वखारीचा राखणदार बाबूमियाँ तो घेऊन आला. साठीला टेकलेला माणूस, वखारीवरच आयुष्य गेलेलं. डबा माझ्यापुढं ठेवला आणि दाराशी उभा राहिला. लाख शाबूत होती, सील स्वच्छ उठलेलं. मी ते दोन्ही पंचांना दाखवलं. दोघांनी मान डोलावली. मी दोरी कापली.

आत गूळ हिरवट काळा. रवा मोडलेला. नाकाशी नेला तर विझलेली काडी.

हा गूळ समुद्रावर गेला नव्हता. मोंबासाच्या पावसात भिजला नव्हता. इथं शाहूपुरीतल्या वखारीच्या माळ्यावर कोरडा पडून होता आणि तरी असा झाला होता. म्हणजे दोष मालातच. मी तुकडा तपासणीसाठी पुण्याला पाठवला. तिथून गंधकाचा अंश असल्याचं उत्तर आलं. आणखी काय हवं होतं?

वसंतराव ओरडला, “नाना, ह्यो माझा गूळ न्हाई!”

“सील बघ.”

“सील बघितलं. गूळ माझा न्हाई. माझा गूळ मला कळत न्हाई व्हय?”

“हरायला लागलं की सगळ्यांना असंच वाटतं, वसंतराव.”

तो माझ्याकडं पाहत राहिला. मी अहोजाहो केलेलं नव्हतं, पण ‘वसंतराव’ म्हणालो होतो. एरवी मी त्याला वसंता म्हणायचो.

निवाडा मी कट्ट्यावर वाचला. सगळा बाजार जमला होता. वाचताना माझा आवाज छान लागला, असं मला नंतर दोघातिघांनी सांगितलं. ‘मालात हायड्रोस असल्याचं तिऱ्हाईत नमुन्यावरून निर्विवाद सिद्ध झालं आहे.’ निर्विवाद हा शब्द मीच शोधून घातला होता.

चार-पाच दिवसांनी दुपारी बाबूमियाँ माझ्या घरी आला. उन्हातून चालत आला होता. सोप्यावर बसायला सांगितलं तर बसेना. मंडळींनी पाण्याचा तांब्या आणला, त्याला हात लावेना.

“नाना, एक सांगायचंय. माझ्या हातनं गलती झाल्या.”

“कसली?”

“त्यो डबा. त्यातला गूळ आमी खाल्लाय.”

मी त्याला बोलू दिलं, जसं साक्षीदाराला देतो तसं.

तुम्हाला इथली पाडव्याची रीत माहीत नसेल. दिवाळीच्या पाडव्याला नव्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा होतो. त्याआधी वखारीत वजनकाट्याची पूजा. काट्याला नैवेद्य दाखवायचा तो जुन्या आणि त्याच वखारीतल्या गुळाचा. जुन्याचं तोंड गोड केल्याशिवाय नवा गूळ घरात येत नाही, अशी हमालांची समजूत. त्या वर्षी वखार धुऊन पुसून रिकामी होती. जुन्या गुळाचा चुरादेखील नव्हता. पूजा खोळंबली. हमाल कुरकुरायला लागले की यंदा अपशकुन झाला. तेव्हा बाबूमियाँला माळ्यावरचा डबा आठवला.

“आमास्नी वाटलं, माल तर गेला मार्गी. दिवाळी आली. आता त्या डब्याला कोन इचारतंय? काढला, नैवद्य दावला, समद्यांनी खाल्ला. गूळ झ्याक हुता, नाना. पिवळा न्हवता, पर कडाक. रवा हुता. दाताखाली कुरकुरत हुता.”

“मग?”

“मग म्हैन्यानं तक्रार आली. डब्याची चौकशी सुरू झाली. नोकरी जायची वो. घरात गूळ हुता, बाजारातनं आनलेला, हलका. त्योच भरला. लाख लावली, सील उठवलं.”

“सील कुलपात असतं.”

“कुलपाची किल्ली माझ्याचकडं की.”

हे ऐकून मला जे वाटलं ते आजही नेमकं आठवतं. दया नाही, धक्का नाही. पहिला विचार आला तो असा: याला वसंतानं पाठवलंय.

“कोणी पाठवलं तुला?”

“कुनी न्हाई.”

“वसंतरावांना भेटलास?”

“त्यांच्याम्होरं कुठल्या तोंडानं जाऊ? म्हनून तर तुमच्याकडं आलो.”

“सुनावणीच्या दिवशी दाराशी उभा होतास. तेव्हा का नाही बोललास?”

“भ्यालो.”

“आणि आता भीती गेली?”

“न्हाई गेली. पर कट्ट्यावर तुमी वाचलासा तवा वसंतराव माझ्या शेजारी हुते. तवापास्नं मला झोप लागंना झाल्या.”

मी त्याला उलटसुलट विचारलं. डबा कोणत्या खिळ्याला होता, दोरी कोणती वापरली, नैवेद्याला कोण कोण होतं. त्याची उत्तरं न अडखळता आली. त्यावरूनही मला संशयच आला. पाठ केल्याशिवाय इतकं सरळ कोण बोलतं? अडखळला असता तर खोटा म्हणालो असतो. अडखळला नाही म्हणून पढवलेला म्हणालो.

शेवटी मी त्याला रावजीकाकांचं वाक्य ऐकवलं. सही झाली, पंच मेला. मला आता त्यात बदल करता येत नाही.

“मग मी कुनाला सांगू?” त्यानं विचारलं.

या ठिकाणी मला नीट लिहायचं आहे. मी निवाडा बदलू शकत नव्हतो, हे खरंच होतं. कायदा तसाच आहे आणि तो असावाही. नाहीतर जगात एकही भांडण संपणार नाही, आणि जमनादासभाईंसारख्या लांबच्या माणसानं आपल्या गावच्या पंचांवर भरवसा ठेवावा कशाला? पण कोर्टाचा दरवाजा महिनाभर उघडा होता. निवाडा कोर्टात दाखल झाल्यावर हरलेल्याला हरकत घेण्यासाठी थोडी मुदत असते. ती मुदत सुरू होती. बाबूमियाँनं वसंतरावकडं जाऊन हेच सांगितलं असतं, किंवा मी दोन ओळींत कळवलं असतं की तिसऱ्या डब्याबद्दल असं असं कानावर आलंय, खरंखोटं तुम्ही पाहा, तर पुढचं कोर्टानं पाहिलं असतं. पंचाचा हात बांधलेला असतो, तोंड बांधलेलं नसतं. हे मला त्या दुपारी पक्कं माहीत होतं. नंतर उमजलं, असं म्हणण्याची सोय नाही.

मी बाबूमियाँला म्हणालो, “कुणालाच सांगू नकोस. तुझीच नोकरी जाईल. मुलाबाळांचा विचार कर.”

किती मायेनं म्हणालो! त्याच्या खांद्यावर हातदेखील ठेवला. त्याची नोकरी माझ्या मनाच्या कोपऱ्यातही नव्हती. डब्याची पद्धत माझी, सील माझ्या सांगण्यावरून, निर्विवाद शब्द माझा. मी जगातल्या प्रत्येक ढेपेवर, प्रत्येक माणसावर संशय घेतला. माळ्यावरच्या त्या डब्यावर घेतला नाही, कारण तो मी ठेवायला लावलेला होता.

बाबूमियाँ पाणी न पिता गेला. पुढे रस्त्यात दिसला की मान खाली घालायचा. दोन-तीन वर्षांनी वारला. मी मातीला गेलो होतो, मागं उभा राहिलो.

वसंतरावकडं गुळव्यांनी माल आणणं हळूहळू थांबवलं. त्याच्या सूर्याच्या पेट्यांना सौद्यात कुणी हात लावेना. हायड्रोस निम्मा बाजार वापरत होता, पण कट्ट्यावर वाचून दाखवलेला हायड्रोस एकट्या वसंतरावचा. लोकांना तेवढं पुरतं. दुसऱ्या वर्षी त्यानं अडत बंद केली आणि मुरगूडला सासऱ्यांच्या गावी जाऊन किराणा दुकान टाकलं. गल्लीतून सामानाचा ट्रक निघाला तेव्हा मी घरातच होतो.

मी पुढेही पंचाचं काम करत राहिलो. चांगलं करत होतो, हे आणखी वाईट. निवृत्त झालो, तोंडाची चव गेली, मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गूळ बंद केला तेव्हा आमची मंडळी हसली आणि मग रडली.

बायको गेल्यावर मी मुरगूडला गेलो. एसटीतून उतरून विचारत विचारत दुकान गाठलं. गल्ल्यावर वसंतराव. केस सगळे पांढरे, पण आवाज तोच, अर्ध्या गावाला ऐकू जाणारा.

“या पावणं, काय देऊ?” म्हणाला आणि मग ओळखलं. “नाना! अरे बस की. बस बस. ए सुमन, चहा टाक गं, कोल्हापूरचं पावणं आल्यात!” मुलीनं चहा आणला. साखरेचा होता. मी मधुमेहाचं सांगितलं नाही, पिऊन टाकला.

मग मी सगळं सांगितलं. पाडवा, काटा, नैवेद्य, घरचा हलका गूळ, बाबूमियाँ, कोर्टाची मुदत, त्याच्या खांद्यावरचा माझा हात. वसंतराव गिऱ्हाईक आलं की पुडी बांधून द्यायचा आणि परत ऐकायचा. संपल्यावर म्हणाला, “म्हंजे गूळ माझा न्हवता, हे मी बोललो ते खरं हुतं.”

“हो.”

“आणि तुला चार दिवसात कळलंतं.”

“हो.”

त्यानं तराजूतलं वजन उचललं, पुन्हा ठेवलं. मी गप्प राहायला हवं होतं. माफी मागून उठायला हवं होतं. पण आयुष्यभराची खोड. माझ्या तोंडून निघालं, “वसंता, आता एवढं खरं सांग. तुझ्या मालात हायड्रोस होता का रे?”

तो हसायला लागला. इतका हसला की आतून मुलगी बघायला आली.

“बघ गं सुमन, ह्यो मानूस माफी मागाया आलाय. आणि अजून तपासायलाच लागलाय!”

“मला फक्त कळावं म्हणून...”

“कळनार न्हाई.” हसणं एकदम थांबलं. “माझा गूळ कसा हुता त्ये बाबूमियाँनं खाल्लंतं, हमालांनी खाल्लंतं. त्येंनी सांगितलं तवा तुला पटलं न्हाई. आता मी सांगितलं तर पटनार हाय? मी न्हाई म्हनलं तर तू म्हननार, म्हातारा नाव वाचवतोय. व्हय म्हनलं तर म्हननार, मला बरं वाटावं म्हनून बोलतोय. व्हय का न्हाई?”

तो अगदी बरोबर बोलत होता. मी मनातल्या मनात ते दोन्ही निवाडे आधीच लिहून ठेवले होते.

“तुझी माफी हितं नको मला,” तो म्हणाला. “हितं मला सगळी वसंतअण्णा म्हनत्यात. निवाडा तू वाचलास कट्ट्यावर. जे काय हाय त्ये कट्ट्यावर जाऊन सांग.”

त्यानं मला एसटीपर्यंत पोचवलं. वाटेत पावसापाण्याचं बोलला. गाडी सुटताना हात केला की नाही, ते मी मागं वळून पाहिलं नाही.

त्या दिवाळीला पाडव्याच्या मुहूर्ताला मी बाजारात गेलो. परीक्षक म्हणून मान अजून होता. मला पुढं बसवलं, फेटा बांधला. सौद्याआधी मी उभा राहिलो आणि म्हणालो, एक जुना निवाडा आहे, त्याबद्दल सांगायचंय. कट्ट्यावर बहुतेक तरुण अडते. बाप गेलेले, मुलगे बसलेले. कोण वसंतराव, हे कुणाला ठाऊक नव्हतं. एकानं शेजाऱ्याला विचारलं, “कोण रं?” मागं खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा हमाल तेवढा बोलला, “ते न्हवं का, हायड्रोसवालं वसंतराव.” तेव्हा दोघाचौघांनी माना हलवल्या. ते नाव त्यांनी ऐकलं होतं.

मी सगळं सांगितलं. जे इथं लिहिलं तेच, यापेक्षा थोडक्यात. मुहूर्त टळत होता म्हणून कुणीतरी खाकरत होतं. सांगून झाल्यावर सौदा सुरू झाला. मी खाली उतरलो तेव्हा तो हमाल माझ्याजवळ आला. त्याला माझं बोलणं मनापासून समजून घ्यायचं होतं, हे दिसत होतं.

“म्हंजे नाना, वसंतरावांनी हायड्रोस घातला न्हवता?”

“ते मला माहीत नाही. तो डबा त्यांचा नव्हता, एवढंच मला माहीत आहे.”

“मग घातलावता?”

“तेही माहीत नाही.”

रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही, अगदी साधेपणानं त्यानं विचारलं, “मग त्या टायमाला एवढ्या मोठ्यानं कशापायी वाचलंतासा?”